सापडले, काळजी नसावी

या, बसा. इथे लाइट गेली की तासभर तरी येत नाही, म्हणून दिवा लावलाय. तुम्ही कशाला आलात ते मला कळलंय. गल्लीचा नवा ग्रुप काढताय, घरटी एक नंबर हवाय, आणि कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईचा तेवढा राहिलाय. तुमचं मन चांगलं आहे, चेहऱ्यावरच दिसतंय. तुमच्या आधी या घरांतून जी माणसं राहायची तीही चांगलीच होती. वाईट असती तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

फोन आहे माझ्याकडे, पण साधा, बटणांचा. ग्रुप-बिप त्यात चालत नाही. मुद्दामच तसा घेतला. का, ते सांगते, मग तुम्हीच ठरवा.

आमचा ग्रुप हेडक्लार्कांनी काढला होता. समोरच्या ओळीतलं पहिलं घर त्यांचं. कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण टेबल काही सुटलं नव्हतं. ग्रुपवर साधी सूचना टाकायची तरी 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' असा थाट. मी हसायचे. सकाळी फोन उघडावा तर फुलं, कपबशा आणि सुविचार यांचा नुसता खच पडलेला. पण खरं सांगते, त्या ग्रुपने आमची गल्ली जोडली. त्याआधी पलीकडची नर्सबाई कुठे कामाला जाते हेही मला ठाऊक नव्हतं. मग कुणाकडे शिडी आहे, कुणाची लेक माहेरी आलीय, कुणाच्या घरी दुखणं आहे, सगळं कळायला लागलं. पाणी येणार नसलं तर आदल्या दिवशीच बातमी. अडीअडचणीला चार दारं उघडायची. मी त्या ग्रुपला नावं ठेवायचे, पण त्याच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं.

कारण माझे वडील, अण्णा. आपल्या ओळीमागे ती लांब भिंत आहे ना, तिच्या पलीकडे काचेचा कारखाना होता. अण्णांनी उभा जन्म तिथल्या भट्टीपुढे काढला. कारखाना बंद पडला, आई गेली, आणि मग अण्णांना एकेक गोष्ट आठवेनाशी झाली. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. दुसरी पाळी मात्र डोक्यातून गेली नाही. दिवेलागणीला उठायचे आणि म्हणायचे, "भोंगा झाला, मला निघायला हवं." मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. मी परतेपर्यंत ते घरात एकटे. पण ते निघाले की कुणी ना कुणी बघायचंच. 'अण्णा निघाले' असं ग्रुपवर यायचं आणि रंगारी नाहीतर नर्सबाई त्यांना गोडीगुलाबीने माघारी आणून खिडकीजवळच्या बाकावर बसवायची.

आता ग्रुपचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकदा रंगाऱ्याचा पोपट उडाला. अख्खी गल्ली शोधायला बाहेर. पोपट अर्ध्या तासात दंतवैद्यांच्या पडद्याच्या दांडीवर सापडला, पण ते सगळ्यांना कळलंच नाही. निम्मी माणसं संध्याकाळपर्यंत पिंजरा घेऊन भटकत राहिली आणि त्यात नर्सबाईचा पाय गटारात मुरगळला. हेडक्लार्क भडकले. त्यांनी नियम काढला. माणूस हरवो की मांजर, फोटो टाकायचा. प्रत्येकाने आपलं दार, आपला जिना, आपली मागची बाजू बघायची. ज्याला सापडेल त्याने 'सापडले, काळजी नसावी' एवढंच लिहायचं. आणि ते शब्द दिसले की बाकीच्यांनी मुकाट्याने घरी जाऊन दार लावायचं. शोध बंद. ज्याचं माणूस त्याने येऊन घेऊन जायचं.

चांगला नियम होता हो. किती वेळा उपयोगी पडला.

त्या संध्याकाळी धुकं पडलं होतं. आपल्याकडे धुकं कारखान्याच्या मैदानातून येतं, भिंत चढतं आणि गल्लीत उतरतं. त्याला जुन्या राखेचा ओलसर वास असतो, तुम्हीही घेतला असेल. मी कामावरून लवकर आले होते. अण्णांच्या बुटांचे तळ झिजले होते, ते मोच्याकडे टाकायचे होते. अण्णा पायात बूट घातल्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. भट्टीवरच्या माणसाला ती सवयच लागते, खाली काचेचे तुकडे असतात ना. तेव्हा बूट माझ्या पिशवीत म्हणजे अण्णा घरात, असा माझा सरळ हिशेब. दार नुसतं ओढून घेतलं आणि नाक्यापर्यंत गेले. मोच्याशी दोन शब्द बोलले, परत आले, तर दार सताड उघडं आणि बाक रिकामा.

लगेच ग्रुप उघडला. फोटो टाकला. लिहिलं, 'अण्णा दिसत नाहीत. तपकिरी स्वेटर, हिरवा मफलर, पायात फक्त मोजे.'

आणि काय सांगू तुम्हाला, दारामागून दार उघडलं. धुक्यात दारादारांत टॉर्च हलायला लागले. "अण्णा! ओ अण्णा!" अशा हाका दोन्ही ओळींतून सुरू झाल्या. मी धावत होते, पण आतून एक धीर होता. आपण एकटे नाही, असं त्या क्षणी मला फार मनापासून वाटलं.

भिंतीपर्यंत पोचलेच नव्हते तोवर फोन वाजला. नर्सबाईचा निरोप. 'सापडले, काळजी नसावी. आमच्याकडे आहेत.'

टॉर्च एकेक करून विझले. दारं लागली. मी नर्सबाईकडे वळले, तोच पुन्हा फोन. या वेळी रंगाऱ्याचा. 'सापडले, काळजी नसावी.' मला हसू आलं. रंगारी कायमचाच मागे, सगळ्यांचं बोलून झालं की याची वरात येणार. बहुतेक नर्सबाईचाच निरोप त्याने पुढे ढकलला असेल.

नर्सबाईच्या घरात अण्णा दाराकडे पाठ करून खुर्चीत बसले होते. तिने त्यांच्या खांद्यावर पांघरूण घातलं होतं.

"कुठे होते?" मी विचारलं.

"कुठे म्हणजे? टॉर्च घ्यायला आत वळले, दार उघडलं, तर उंबऱ्यात उभे. ताई, पाय बघा, मोजे पार भिजलेत. गरम पाण्यात ठेवा."

"अण्णा, चला घरी."

ते वळले. तेच डोळे, हनुवटीवरचा तोच भाजल्याचा डाग. "आलीस?" म्हणाले.

मी हात धरला. हात ऊबदार होता. घरापर्यंत ओल्या मोज्यांचा पचपच आवाज तेवढा येत होता. त्यांना बाकावर बसवलं, पाणी तापत ठेवलं, आणि मग फोन पाहिला, कारण तो पिशवीत सारखा गुरगुरत होता.

शिकवणीवाल्या बाई - सापडले, काळजी नसावी. दंतवैद्य - सापडले, काळजी नसावी. हेडक्लार्क - सापडले, काळजी नसावी, सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी. रंगाऱ्याच्या बायकोने तर फोटो टाकला होता. त्यांच्या बैठकीत, पोपटाच्या पिंजऱ्याखाली, अण्णा बसलेले. तपकिरी स्वेटर. हिरवा मफलर. खाली लिहिलं होतं, 'थोडे दमलेत, पण छान आहेत.'

मी बाकाकडे पाहिलं. परत फोनकडे पाहिलं.

जुना फोटो असेल, म्हटलं. पण तो मफलर मी आदल्या आठवड्यातच आणला होता, आणि त्यानंतर अण्णा कुणाकडे गेलेच नव्हते.

हेडक्लार्कांना फोन लावला. "काका, अण्णा... तुमच्याकडे आहेत?"

"अगं, हे काय समोर बसलेत. सावकाश ये, घाई नाही. थांब, त्यांच्याशीच बोल."

फोनमध्ये थोडी खरखर झाली. मग अण्णांचा आवाज आला. "आलीस?"

माझ्यासमोर बाकावर बसलेल्या अण्णांचे ओठ मिटलेले होते. ते माझ्याकडेच बघत होते.

मी बाहेर पडले. दार कसं ओढलं ते आठवत नाही. रंगाऱ्याकडे गेले. दार त्याच्या बायकोने उघडलं, हसतमुख. "या ना ताई, इतकी धाप का लागलीय? बसलेत आत."

बसले होते. पोपट पिंजऱ्याच्या पार कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, पिसं फुलवून बसला होता. एरवी घसा फुटेस्तोवर ओरडणारं पाखरू, त्या दिवशी चकार शब्द नाही. मी जवळ गेले नाही. दारातूनच विचारलं, "अण्णा... मला तुम्ही काय म्हणता? घरात, लाडाने?"

ते माझ्याकडे बघत राहिले. "आलीस?" म्हणाले.

"कुठे सापडले तुम्हाला?" मी रंगाऱ्याला विचारलं.

"शोधावं लागलंच नाही. शोधायला म्हणून दार उघडलं आणि..." तो हसला. "उंबऱ्यातच उभे."

तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं. कुणी दोन पावलंही चाललं नव्हतं. जो जो मनापासून शोधायला निघाला, त्याच्या त्याच्या उंबऱ्यात अण्णा उभे होते. प्रत्येकाने त्यांना आत घेतलं, पांघरूण घातलं, ते शब्द लिहिले आणि दार लावून घेतलं. हे सगळे अण्णा नसतील... किंवा यातला एकही नसेल... तर माझे अण्णा अजून बाहेर होते. पायात बूट नाहीत, थंडी मी म्हणतेय, आणि अख्ख्या गल्लीत त्यांना शोधणारं एकही माणूस नाही.

मी ग्रुपवर लिहिलं. 'ते अण्णा नाहीत. कृपा करून बाहेर या. अण्णा सापडलेले नाहीत.'

उत्तरं आली. भराभर आली. 'ताई, घाबरू नका.' 'अहो, इथे आमच्यासमोर आहेत.' 'तुम्ही खूप दमलात, आधी बसा, पाणी प्या.' जोडलेले हात आणि हृदयं यांची रांग लागली. मी परत परत लिहीत राहिले. शेवटी हेडक्लार्कांचा निरोप आला. 'हरवलेली व्यक्ती सापडली असल्याने शोध नियमानुसार बंद करण्यात येत आहे. गोंधळ टाळण्यासाठी ग्रुप तूर्त बंद.' आणि त्याखाली ती करड्या अक्षरांतली ओळ उमटली, की यापुढे फक्त ॲडमिनच लिहू शकतील.

माझा अर्धा लिहिलेला निरोप तिथेच राहिला. लिहायची जागाच नाहीशी झाली होती.

मी दारं ठोठावली. एकेक दार उघडायचं, आतून ऊब यायची आणि पाठोपाठ तेच समजूतदार हसू. "हे काय, बसलेत की." कुणी मला वेडी म्हणालं नाही, कुणी तोडून बोललं नाही. सगळ्यांना माझी कीव येत होती. शिकवणीवाल्या बाईंनी तर मला मिठी मारली. त्यांच्या खांद्यावरून मला आतली खुर्ची दिसत होती, आणि खुर्चीतला माणूस माझ्याकडे बघत होता. नर्सबाई म्हणाली, "ताई, तुम्ही तर घेऊन गेलात ना त्यांना?"

मी एकटीच भिंतीकडे गेले. दंतवैद्यांचं घर शेवटचं. त्याच्या बाजूने भिंतीला भगदाड आहे, तिथून मैदानात जाता येतं. आत शिरले आणि टॉर्चचा उजेड हातभरावरच संपला. पांढऱ्या भिंतीवर मारल्यासारखा उजेड परत माझ्याच तोंडावर येत होता. पायाखाली काचा करकरत होत्या. मी हाका मारत होते. घसा बसला. धुकं इतकं दाट, की आपलीच हाक आपल्याला कुणी दुसऱ्याने मारल्यासारखी ऐकू यायची.

मग आवाज आला. अगदी बारीक.

"चिमणे..."

त्या नावाने मला जगात एकच माणूस हाक मारत होतं.

"अण्णा! कुठे आहात? बोलत राहा!"

"चिमणे... दार उघडत नाहीत गं..."

मी आवाजाच्या रोखाने धावले. पडले, गुडघा फुटला, उठले. आवाज डावीकडून आला. मग मागून आला. मी हाक मारायचे, थांबायचे, कान द्यायचे... आणि तेवढ्यात गल्लीतल्या घरांतून, बंद खिडक्यांआडून, एकामागून एक सगळे म्हणायचे, "आलीस?" "आलीस?" "आलीस?" त्या गलक्यात तो एक बारीक आवाज कुठल्या कुठे हरवून जायचा. मी कान झाकून घेतले. झाकले तर तोही ऐकू येईना. काय करायचं होतं मी, सांगा ना?

धुकं उजाडताना विरलं. अण्णा मला भिंतीच्या आतल्या बाजूला दिसले, दंतवैद्यांच्या मागच्या दारापाशी. त्यांचं ते दार थेट मैदानात उघडायचं. दाराला पाठ लावून बसले होते. मोजे फाटून पायाला काचा लागल्या होत्या. उजव्या हाताची पेरं सोलली होती. नर्सबाई धावत आली, तिने मनगट धरलं, डोळे पाहिले आणि खाली बसली. "आत्ताआत्तापर्यंत होते, ताई," म्हणाली. "अंग अजून पुरतं गार नाही."

दंतवैद्य कठड्याला धरून उभे होते. शिकलेला, शांत माणूस. "दार वाजत होतं," ते म्हणाले. "बराच वेळ वाजत होतं. पण अण्णा तर आत होते ना... आमच्यासमोर बसले होते. मग म्हटलं, एवढ्या धुक्यात दुसरं कोण असणार? बायको म्हणाली, उघडू नका."

हरवलेला माणूस घरात बसलेला असताना दार कोण उघडेल? मीही उघडलं नसतं. त्या माणसाचा मला राग येत नाही, आणि येत नाही म्हणूनच माझा जीव तुटतो.

सगळ्यांच्या घरातल्या खुर्च्या तोवर रिकाम्या झाल्या होत्या. कधी उठले, कुणी पाहिलं नाही. दारांना आतून कड्या तशाच. पांघरुणं मात्र ओली. त्यावर गल्लीत कुणी कधी बोललं नाही. हेडक्लार्कांनी ग्रुप परत उघडला, पण त्यात कुणी एक फूलसुद्धा टाकलं नाही. समोरासमोर आलो की माना खाली. मग एकेक घर रिकामं झालं. नर्सबाई पहिली गेली. रंगारी गेला. दंतवैद्यांनी ते मागचं दार विटा लावून बुजवलं आणि तेही गेले. अशी तुम्हाला इथे घरं मिळाली.

मला बऱ्याचजणांनी सांगितलं, तुम्हीही जा. भाचा तर सामान उचलायला गाडी घेऊन आला होता. त्याला दारातूनच परत पाठवलं.

कसं जाणार? त्या सकाळी अण्णांना घरी आणायचं म्हणून मी बाकावर चादर घालायला पुढे आले, दार उघडलं. इतर घरांतले आपल्या पायांनी उठून गेले होते. पण माझ्याकडच्याला मी आपलं माणूस म्हणून, नियमाप्रमाणे, स्वतः हात धरून उंबऱ्याच्या आत आणलं होतं.

ते बसले होते. तसेच, बाकावर. पाणी चुलीवर आटून भांडं काळं झालं होतं. माझ्याकडे बघून म्हणाले, "आलीस?"

अजून आहेत. तो आतल्या खोलीचा पडदा दिसतोय ना, त्याच्या मागे. बाक मी आत नेला. उठू नका, बसा, ते काही करत नाहीत. जेवत नाहीत, झोपत नाहीत, आजारी पडत नाहीत. ते माझे अण्णा नाहीत, मला पक्कं ठाऊक आहे. माझ्या अण्णांना मी माझ्या हातांनी पोचवून आले. शंभरदा मनात आलं, दार उघडावं आणि म्हणावं, जा. एकदा म्हटलंही. हात धरून उंबऱ्यापर्यंत नेलं. बाहेर धुकं होतं आणि पायात नुसते मोजे. तो चेहरा, तो डाग... नाही जमलं मला. त्या चेहऱ्यावर एकदा दार बंद राहिलंय. दुसऱ्यांदा ते माझ्या हातून व्हायचं नाही, मग आत कुणीही असो.

तेव्हा माझा नंबर नको. तुमच्या ग्रुपमध्ये कुणी हरवलं आणि मी मनापासून शोधायला निघाले, तर माझ्या उंबऱ्यात कोण उभं असेल ते मला बघायचं नाही.

निघताय? निघा, धुकं उतरायला लागलंय. टॉर्च आहे ना? दार मी लावून घेते.

आज कुणाशी तरी बोलावंसं वाटलं त्याचं कारण वेगळं आहे. इतकी वर्षं ते बाकाच्या मधोमध बसतात, तसूभर हललेले नाहीत. काल संध्याकाळी कामावरून आले, पडदा सारला, तर ते एका कडेला सरकून बसले होते. बाकाची दुसरी बाजू रिकामी होती, आणि तिथलं लाकूड ओलं होतं.